शेवटच्या चौकटीवरचा कागद

टिपकागदावर जांभळा डाग उमटला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. दुपारचे तीन वाजून गेले होते. जेवणानंतरची ती मेली वेळ, डोळ्यांची जळजळ, आणि चिमट्यात धरलेला तळहाताएवढा ओला कागद. तो फेकायचाच होता. पायाशी डबा असतो, सकाळपासूनचे जुन्या सेलोटेपचे तुकडे आणि गंजक्या पिना त्यात पडल्या होत्या, त्यांत हाही गेला असता. पण सवयीनं उलटा केला. मागच्या बाजूला अक्षरं होती आणि ती माझ्यादेखत पळत होती. मी घाईघाईनं कोरडा टिपकागद दाबला, आणि तेही चुकलं, कारण जे काही उरलं होतं त्यातलं अर्धं त्यानं पिऊन टाकलं. असला गाढवपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला उभा सोलला असता. इथे सोलायला मीच होतो, आणि खरं सांगायचं तर तेवढंही त्राण नव्हतं. मी नुसता बसून राहिलो.

माझं काम सांगतो, म्हणजे गाढवपणा लक्षात येईल. जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याकडे मी सव्वीस वर्षं आहे. लोक जुनी मासिकं, नकाशे, पोस्टरं, कॉमिक्स घेऊन खाली येतात, काउंटरवरची बाई त्यावर नंबर टाकते आणि वस्तू वर माझ्या टेबलावर येते. नाव येत नाही. हा मालकांचा नियम, कारण माझ्या आधीच्या माणसानं स्वतःच्या साडूच्या पुस्तकाला भलताच भाव लावला होता म्हणे. नंबर येतो, सोबत फॉर्म येतो, मी पानं मोजतो, डाग बघतो, किती टिकेल ते सांगतो आणि टिकवायचं असेल तर टिकवतो. दुसरा नियम माझा स्वतःचा आहे. वाचायचं नाही. वाचायला लागलं की दुमड दिसत नाही, गंज दिसत नाही, मधलं पान गायब आहे हे ध्यानात येत नाही. हजारो खून माझ्या टेबलावर झाले असतील, एकाचाही खुनी मला ठाऊक नाही. मालक हे आल्यागेल्याला विनोद म्हणून सांगतात. पहिली काही वर्षं मीही हसायचो.

एकशे बारा नंबर आज सकाळी आला. गुन्हेकथांचं कॉमिक, अंक एकतिसावा, ‘बाराव्या मजल्यावरचा माणूस’. मुखपृष्ठावर एक उंच इमारत, सगळ्यात वर एक उघडी खिडकी आणि हवेतून एकटीच खाली येणारी टोपी. माणूस काढलेलाच नाही. नाव वाचून मला काहीही वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. मी फॉर्म भरायला घेतला. पानं बत्तीस, सगळी जाग्यावर. पिना दोन, वरची गंजलेली. कागद पिवळा, कडा ठिसूळ. उजवा कोपरा दुमडून दुमडून मऊ पडलेला. नवव्या पानावर कपाचा गोल डाग. खूप हाताळलेलं, पण कुणी रंगवलं-बिंगवलेलं नाही, ही जमेची बाजू. आमच्याकडे येणाऱ्या लोकांना हे पटवताना नाकी नऊ येतात की फाटकं चालतं, नटवलेलं चालत नाही. उडालेला काळा रंग घरी पेनानं भरून आणतात आणि वर आपलीच पाठ थोपटून घेतात. इथे तसलं काही नव्हतं. मग शेवटचं पान आलं. खालच्या मोठ्या चौकटीवर एक कागद चिकटवला होता. मी लिहिलं, ‘परका कागद, गणिताच्या वहीतला, चौकोनी रेघांचा. कड झिगझॅग कात्रीची, कापणी वाकडी. चारही बाजूंनी पिठाची खळ. काढावा.’ हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि माझ्या हातानं लिहिलं. तरी मला कळलं नाही.

छापलेले रंग पाण्यानं सुटतात का हे आधी तपासायचं असतं. ओल्या कापसानं लाल तपासला, निळा तपासला, पिवळा तपासला. तिन्ही पक्के निघाले. जो कागद डब्यात जायचा त्याची परीक्षा कोण घेतो? ओला टिपकागद ठेवला, वर काच ठेवली, वीस मिनिटं मान मागे टाकून डोळे मिटून पडलो. पिठाची खळ कितीही जुनी असो, पाण्याला दाद देते, डिंकासारखी अडून बसत नाही. कागद अलगद सुटून आला. खालची चौकट नवीकोरी होती, इतक्या वर्षांत तिला उजेडच लागला नव्हता. मी फक्त रंग शाबूत आहेत एवढं बघितलं. चित्रात कोण आहे, काय करतंय, याकडे माझं लक्षही नव्हतं. आणि मग तो कागद उलटा केला.

आधी तोंडाला कडवट चव आली. डोक्याला मागाहून कळलं. जांभळा म्हणजे ताईची जीभ. बाबा पार्सल ऑफिसात कारकून होते. तिथे पार्सलांवर लिहायच्या पेन्सिली असत, कोरड्या लिहिल्या तर करड्या उमटणाऱ्या आणि जिभेवर ओल्या करून लिहिल्या तर जांभळ्या. रबर घासून घासून कागद फाटेल पण अक्षर हटणार नाही, अशा. त्यांची थोटकं बाबांच्या खिशातून आमच्या घरी यायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती काहीही लिहिताना पेन्सिल आधी जिभेला लावायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची की विष असतं त्यात, मरशील एक दिवस. मग ताई माझ्याकडे वळून जीभ बाहेर काढायची. जांभळीशार जीभ आणि बारीक केलेले डोळे. ही एवढी गोष्ट मी कुठे ठेवली होती कुणास ठाऊक. सव्वीस वर्षं जगाचे कागद जपले आणि बहिणीची जीभ विसरलो.

आमच्या खाटेखाली लोखंडी ट्रंक होती, तिच्यात साठ-पासष्ट कॉमिक्स. सगळी गुन्ह्यांची. नवं आलं की ताई आधी वाचायची, मोठी म्हणून. वाचून झालं की गणिताच्या वहीतला कागद फाडायची, शिवणाच्या क्लासातल्या झिगझॅग कात्रीनं त्याच्या कडा कापायची आणि खुनी पकडला जातो त्या शेवटच्या चौकटीवर चिकटवायची. चिकटवायची फक्त वरची कड, म्हणजे कागद झाकणासारखा वर उचलता यावा. कागदाच्या आतल्या बाजूला माझ्यासाठी जांभळ्या अक्षरात एक ओळ असे, ‘बावळटा, सातव्या पानावर बूट बघितले नाहीस का’, असलं काहीतरी. मी वाचायचं, तिला अंदाज सांगायचा, मग कागद उचलायचा. चुकलो तर आठवडाभर सकाळचं दूध मी आणायचं, बरोबर आलो तर तिनं. चार मजले उतरून कोपऱ्यापर्यंत जायचं, थंडीत, आणि परत चार मजले वर. अंदाज न सांगता कागद उचलणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्याला ‘हरलास’ एवढीच शिक्षा होती, पण ती ‘हरलास’ असं काही म्हणायची की बाकी काही नको वाटावं. दूध बहुतेक मीच आणायचो. ताई मला पुन्हा पुन्हा सांगायची की तू बघतोस, पण जोडत नाहीस.

मग ती दुपार. गणिताच्या पेपरात शंभरातले अकरा पडले होते, सही आणायची होती आणि मी दप्तर पोटाशी धरून घरात शिरलो. खाटेखाली धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. ट्रंक नव्हती. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की ताईनं रद्दीवाल्याला देऊन टाकली, पुढच्या महिन्यात नर्सिंग शिकायला जायचंय तिला, पसारा आवरतेय. ताई आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं नाही. मीही काही विचारलं नाही, महिनाभर तिच्याशी एक अक्षर बोललो नाही. ती निघाली त्या सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. खालून तिनं दोनदा हाक मारली. वरून मला तिचा भांग आणि हातातली बॅग दिसत होती. बॅगेचं वजन तिला झेपत नव्हतं. मी बसून राहिलो.

त्यानंतर बोलणं तुटलं असं नाही, पण त्यात काही राहिलं नाही. बाबांची पेन्शन, आईची औषधं, पोचलास का, पोचले. बाबा गेले, मग नऊ वर्षांपूर्वी आई गेली. आईचं कपाट रिकामं करायला आम्ही दोघं बसलो होतो. ताईनं जुन्या साड्यांचा एक गठ्ठा बाजूला काढला, शेजारच्या कामवालीला देऊ म्हणाली. साधी गोष्ट होती. मला त्या साड्या नकोच होत्या, कुठे ठेवणार होतो मी? तरी मी म्हणालो की तुला काय, तुला देऊन टाकायची सवयच आहे. ताईच्या लक्षात आलं मी कशाबद्दल बोलतोय. तिनं कपाटाच्या किल्ल्या खाटेवर ठेवल्या, हात धुतले आणि गेली. तेव्हापासून फोन नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. नातेवाइकांत सगळे म्हणाले की तिचाच स्वभाव आधीपासून तुटक. मी म्हणू दिलं. माझ्या मनात ती गुन्हेगार होती आणि गुन्हेगार ठरलेल्या माणसाबद्दल फार विचार करावा लागत नाही, तेवढीच सोय.

मी खाली काउंटरवर गेलो. बाईला विचारलं, एकशे बारा कुणी आणलं? ती म्हणाली की नियम तुम्हाला माहिती आहे. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार, कारण थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली, नाव सोडून. पांढऱ्या बारीक कापलेल्या केसांच्या बाई होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. वरचे गृहस्थ स्वतः बघतात ना, दुसऱ्या कुणाला देत नाहीत ना, एवढंच दोनदा विचारलं. घर सोडून एका खोलीत राहायला चालल्यात म्हणे, सामान कमी करतायत. बाकी सगळं वाटून टाकलं, म्हणाल्या, हे मात्र रद्दीत घालवेना. हे सांगून बाईनं रजिस्टर मिटलं आणि चष्मा पुसायला घेतला. मी बावीस पायऱ्या चढून वर आलो. पंधराव्या पायरीवर थांबावं लागलं.

कागद काचेवर वाळला होता. भिंग घेऊन बसलो. पहिली ओळ पूर्ण गेली होती, तिथे नुसता जांभळा ढग. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘बाबां’ एवढं शिल्लक होतं. शेवटी ‘सांगू नकोस’. मधलं सगळं टिपकागदाच्या पोटात. आणि अक्षर ताईचं नव्हतं. ताईचं अक्षर गोल, सरळ, शाळेत बक्षीस मिळालेलं. हे वाकडंतिकडं, लहान मुलानं गिरवल्यासारखं. लाज वाटते सांगायला, पण मला क्षणभर हायसं वाटलं. दुसऱ्या कुणाचं तरी कॉमिक असेल, झिगझॅग कात्री काय जगात एकच होती? मग कडेकडे बघितलं. सकाळी मीच लिहिलं होतं, कापणी वाकडी. डाव्या हातानं कापली की उजव्या हाताची कात्री अशी घसरते. डाव्या हातानं लिहिलं की अक्षर असं उलट्या बाजूला कलतं. आणि उजव्या हाताला प्लास्टर असलं की माणूस सगळं डाव्या हातानंच करतो.

जिन्यात घसरून ताईचं मनगट मोडलं होतं. जाण्याआधीच्या त्या दीड महिन्यात तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या पांढऱ्या प्लास्टरवर गुप्तहेराची टोपी मीच काढली होती, ट्रंक गेली त्याच्या आदल्याच रविवारी. पासष्ट कॉमिक्स भरलेली लोखंडी ट्रंक. कागद किती जड असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आम्ही दोघं मिळून, भिंतीला पाय लावून, ती खाटेखालून ओढायचो. एका हातानं ताईला ती वीतभरही हलली नसती. आणि त्या संध्याकाळी सहीसाठी मी दप्तर उघडायला लागलो, तर पेपर बाहेर यायच्या आधीच बाबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. अकरा मार्क बघून ते काही बोलले नाहीत. सही केली, तारीख घातली, पेपर माझ्याकडे सरकवला. नेहमी कानफटात देणारा माणूस. मला वाटलं होतं, आज नशीब जोरावर आहे. त्यांना मार्क आधीच कुठून तरी कळले होते. सगळं माझ्यासमोर होतं. प्लास्टरवरची टोपी तर माझ्या हातची.

मला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते जाऊन सतरा वर्षं झाली, त्यांच्यावर काय रागावणार? ताईनं तेव्हा तोंड का उघडलं नाही हेही कळलं. ती जाणार होती, मला त्याच घरात बाबांबरोबर राहायचं होतं. बाबांशिवाय माझं पान हलत नव्हतं तेव्हा. म्हणून तिनं कागदावर लिहिलं, या वेळी चारही कडा चिकटवल्या, आणि निघताना मला द्यायचं ठरवलं. हा अंक नवा असणार, आधी तिनं वाचायला घेतलेला, म्हणून ट्रंकेबरोबर गेला नव्हता. मी टाकीमागे बसलो होतो. ती हाक मारून दमली आणि ते कॉमिक बॅगेत घेऊन गेली. पंचेचाळीस वर्षं तिनं त्या कडा कोरड्या राखल्या आणि मी वीस मिनिटांत ओल्या केल्या. इतका थकवा मला कधी आला नव्हता. फॉर्म पुढे ओढून दोषांच्या रकान्यात लिहिलं, ‘शेवटच्या पानावरच्या कागदामागे हाताने लिहिलेला मजकूर होता. तो तपासणाऱ्याच्या चुकीने गेला.’ खाली सही केली. किमतीचा रकाना तसाच ठेवला. मग फोन उचलला. नंबर कुठे शोधावा लागला नाही, तो बोटांना येत होता.

तिनं दुसऱ्या घंटेला उचलला. मी म्हणालो, मी बोलतोय. ती म्हणाली, हं, पोचलं वाटतं वर. नऊ वर्षांनंतर एवढंच. मी सगळं सांगितलं. ओला टिपकागद, वीस मिनिटं, न तपासलेली पेन्सिल, नंतर दाबलेला कोरडा कागद, सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. आयुष्यभर वॉर्डात पेशंटांची गाऱ्हाणी ऐकली तशी ऐकत राहिली. तीन शब्द उरलेत, मी म्हणालो, बाकी काय लिहिलं होतंस ते सांग, जसंच्या तसं सांग.

“आधी अंदाज सांग,” ताई म्हणाली.

“खुन्याचा अंदाज आता कसला, ताई? कागद काढलाच ना मी.”

“खुनाचं राहू दे. ट्रंक कुणी दिली?”

तूच सांग, असं म्हणावंसं वाटलं. ती सांगेल आणि मी ऐकून घेईन, तेवढं सोपं होतं. पण आमच्याकडे ते चालत नसे.

“बाबांनी,” मी म्हणालो.

पलीकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

“आलं की रे,” ती म्हणाली. “एवढंच तर होतं.”

माझं चुकलं, असं काहीतरी मी म्हणत होतो, तिनं ते पुढे जाऊच दिलं नाही. तिला स्वतःलाही शब्द नीट आठवत नव्हते. बाबांनी दिली, मी नाही, पण मी सांगितलं हे बाबांना सांगू नकोस, असं काहीतरी असेल, म्हणाली. तिला आठवत होतं ते वेगळंच. माझ्या मास्तरांनी बाबांना रस्त्यात गाठून मार्क सांगितले होते. ट्रंक घेऊन रद्दीवाल्याची हातगाडी गेल्यावर बाबा खालच्या पायरीवर बसून रडत होते, तिनं वरून बघितलं होतं, त्यांना ते कधी कळू दिलं नाही. हे मला ठाऊकच नव्हतं. बाबा रडतात हेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो की कॉमिकला लागलेलं पाणी मी सुकवतो, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यात घालून देतो, अजून शंभर वर्षं टिकेल. ती म्हणाली, शंभर वर्षं काय करायचंय त्याचं.

“पण कागद आधी काढलास,” ती म्हणाली. “अंदाज न सांगता.”

“हो.”

“मग हरलास.”

अगदी तसंच म्हणाली. मग नव्या खोलीचा पत्ता सांगितला. तिसरा मजला, लिफ्ट बंद असते, दूध कोपऱ्यावर साडेसहाला येतं, सातच्या आत घ्यावं लागतं, नंतर गळक्या पिशव्या उरतात. मी फॉर्मच्या मागे लिहून घेत होतो. एक लिटर आणू की अर्धा, मी विचारलं.

“एक आण,” ती म्हणाली. “चहा पिऊनच जाशील ना.”